वस्तादाचं पोट

१९२१ साली बीजिंगमधल्या हुईयो पेढीनं धंदा बंद केला. नावावरून सावकारी पेढी वाटेल, पण हुईयोचं काम वेगळं होतं. व्यापाऱ्याची चांदी, किमती माल, कधी बदलीच्या गावी निघालेला अधिकारी आणि त्याची बायकामुलं यांना एका शहरातून दुसऱ्या शहरात सुखरूप पोचवण्याचा ठेका ती घ्यायची. अशा पेढ्यांना चिनीत ‘ब्याओजू’ म्हणतात. गाडीवर पेढीचा झेंडा, पुढं पेढीच्या नावाचा पुकारा करणारा एक माणूस, मागं भाला, तलवार आणि मुठी चालवण्यात मुरलेले गडी. वाटेवरच्या लुटारूंशीही या लोकांची बोलाचाल असायची, कारण रोज मारामारी करून कुठलाच धंदा चालत नाही. चीनच्या पारंपरिक युद्धकलेतली कितीतरी मोठी नावं या पेढ्यांच्या पगारावर वाढली.

हुईयो बुडाली ती कुणा लुटारूमुळे नाही. १९०६ साली बीजिंग ते हांकौ रेल्वे पुरी झाली, पुढच्या काही वर्षांत दुसरे मोठे मार्ग झाले, पैसा तारेनं आणि बँकेच्या कागदावर फिरू लागला, आणि लुटारूंच्या हाती पिस्तुलं आली. मग झेंडा लावून बरोबर चालणाऱ्या भालाइताला पैसे कोण देणार?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण मी जन्मभर मुलींच्या हायस्कूलमध्ये पीटीची बाई होते. लेझीम, डंबेल्स, कवायत, १५ ऑगस्टचं संचलन आणि दहावीचं वर्ष आलं की माझा तास गणिताला. शरीर शिकवणाऱ्या माणसाला पगार का द्यायचा, हे दर पिढीला नव्यानं पटवून द्यावं लागतं, हे मी स्टाफरूममध्ये बसून शिकले. निवृत्तीनंतर मुलीकडे सिंगापूरला राहायला गेले, तिथं तिच्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत सकाळी ताइची चालायची, तिच्यात शिरले आणि मग तिच्या इतिहासाच्या मागं लागले. वाचलं त्यात देवमाणसं आणि दंतकथा रग्गड होत्या. मी आपली प्रत्येक पानावर एकच गोष्ट शोधत होते, या वस्तादाला पैसे कोण देत होतं?

सगळ्यात आधी ते सरकार देत होतं. सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांनी उच्छाद मांडला तेव्हा मिंग सेनापती ची जिगुआंग यानं झेजियांगमधल्या शेतकऱ्यांची आणि खाणकामगारांची फौज उभी केली आणि तिच्या शिक्षणासाठी १५६० च्या सुमारास एक ग्रंथ लिहिला. त्यात मुष्टियुद्धावर एक प्रकरण आहे, ३२ पवित्र्यांचं, चित्रांसकट. मला हा सेनापती आवडतो, कारण तो थापा मारत नाही. मोठ्या लढाईत मुठींचा काही उपयोग नाही, असं तो सुरुवातीलाच कबूल करतो. पण हातपाय मोकळे होतात, अंग सरावतं, नवख्या शिपायाला पुढची हत्यारं शिकायला पायरी मिळते, म्हणून हे शिकवा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे आज ‘प्राचीन युद्धकला’ म्हणून जी मिरवली जाते तिच्या पहिल्या मोठ्या ग्रंथकारानं ती व्यायाम म्हणून सांगितली आहे. पुढं त्यानं ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढली तेव्हा हे प्रकरण गाळूनच टाकलं. पीटीचा तास तेव्हाही गणिताला गेला होता तर!

या ३२ पवित्र्यांतली बरीच नावं पुढं एका खेड्यात सापडतात. हेनान प्रांतात पीत नदीच्या उत्तरेला वेन तालुका आहे, त्यात चेनजियागोऊ हे गाव. गावात बहुतेक सगळे चेन आडनावाचे. त्यांच्या नवव्या पिढीतला चेन वांगतिंग मिंग राजवटीच्या अखेरीस लष्करात होता. १६४४ साली मांचूंनी बीजिंग घेतलं, राजवट बदलली, आणि हा घरी येऊन बसला. शेती, मुलांना शिकवणं आणि मुष्टियुद्धाचे क्रम रचणं यात त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. घराण्याच्या वंशावळीत त्याच्या नावाशेजारी नोंद आहे की चेन घराण्याच्या मुष्टी, तलवार आणि भाल्याच्या पद्धतीचा आरंभ यानं केला. गावाला स्वतःचं रक्षण करायचं होतं, घराण्यातले काही जण मालाच्या रखवालीवरही जात. म्हणजे दीड-दोनशे वर्षं ही विद्या शेतीच्या जोडीला पोट भरत होती, आणि ती घराबाहेर द्यायची नाही असा रिवाज होता.

तो रिवाज मोडला यांग लुचान (१७९९–१८७२) याच्यामुळे. हा हेबेईतल्या योंगनियनचा गरीब मुलगा. त्याच्या गावात चेनजियागोऊच्या चेन मंडळींचं औषधांचं दुकान होतं. त्या ओळखीतून तो चेन गावी चाकरीला गेला आणि चेन चांगशिंगकडे शिकला. हा चांगशिंग इतका ताठ उभा राही की लोक त्याला पूर्वजांच्या देवळातली नावाची पाटी म्हणत. लुचाननं भिंतीच्या फटीतून रात्री चोरून पाहून विद्या मिळवली, ही गोष्ट चीनमध्ये आजही मालिका-सिनेमांतून रंगवतात. आपल्याकडे एकलव्य आहेच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मात्र चोरून पाहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं न्यायचं हे कळत नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. त्याला कुणीतरी पाय धरून शिकवलेलं असणार.

लुचान योंगनियनला परतला. तिथल्या वू नावाच्या सुशिक्षित, बड्या घराण्यातल्या भावांशी त्याची मैत्री होती. एक भाऊ बीजिंगला न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या शिफारशीनं लुचान राजधानीत गेला, आणि औषधांच्या दुकानाच्या ओळखीवर शिकलेला हा माणूस मांचू सरदारांच्या वाड्यात वस्ताद झाला. ‘अजिंक्य यांग’ असं त्याचं नाव पडलं. इथून गिऱ्हाईक बदललं. खेड्यातला पोरगा नांगर धरून आलेला असतो, त्याला उड्या मारायला लावता येतं. वाड्यातला सरदार लांब झग्यात येतो, दोन गोष्टी विचारतो, दमला की बसतो. सरदारांसाठी लुचाननं विद्या मऊ केली असं बरेच जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. त्याचा मुलगा यांग बानहौ याचा हात इतका जड होता की शिष्य टिकत नसत, असंच सगळीकडे लिहिलेलं आहे. मऊपणा एका दिवसात आला नाही.

सरदारांच्या मागोमाग राजधानीतले मांचू शिपाईही शिकू लागले. मांचूंची फौज ‘बॅनर’ नावाच्या तुकड्यांत विभागलेली होती, जन्मानं शिपाई, जन्मभर तनखा. चुआनयू हा असाच एक बॅनरातला अधिकारी, लुचानच्या आणि त्याच्या मुलाच्या हाताखाली तयार झालेला. त्याचा मुलगा वू जिएनचुआन (१८७०–१९४२).

आता १९००. शांतुंगमधून उठलेले बॉक्सर लोक बीजिंगला पोचले. मंत्र, अंगात देव येणं आणि मुष्टियुद्धाचा सराव, एवढ्या बळावर अंगाला गोळी लागत नाही अशी त्यांची श्रद्धा. विदेशी वकिलातींना त्यांनी आणि शाही फौजेनं ५५ दिवस वेढा घातला. वेढा उठवायला आलेल्या आठ देशांच्या फौजांत इंग्रजांच्या बाजूनं बहुतेक हिंदी शिपाई होते. सातव्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधरसिंग यांनी त्या मोहिमेवर हिंदीत पुस्तक लिहिलं आहे, ‘चीन में तेरह मास’. चिन्यांच्या हालांबद्दल त्यांना वाटलेली कळवळ त्यात लपत नाही. आपल्या लोकांनी हे प्रकरण इतक्या जवळून पाहिलं होतं, हे शाळेत आम्हांला कुणी सांगितलं नाही. बॉक्सरांना गोळी अर्थात लागली. त्यानंतर सुशिक्षित चिनी माणसाला मुष्टियुद्धाचं नाव काढलं तरी लाज वाटू लागली.

बारा वर्षांनी, फेब्रुवारी १९१२ मध्ये, बाल सम्राटानं गादी सोडली आणि बॅनरांचा तनखा आटत गेला. आधी रखवालीच्या पेढ्यांना उतरती कळा लागली, मग जन्माचे शिपाई रस्त्यावर आले. एका पिढीत युद्धकलेचे दोन्ही धनी गेले, आणि बीजिंगमध्ये मोठमोठे वस्ताद बेकार झाले. इतिहासात हा क्षण कुणी ठळक अक्षरांत छापत नाही. माझ्या मते आज आपण जिला ताइची म्हणतो ती याच क्षणी जन्माला आली.

त्याच वर्षी शू युशेंग नावाच्या सुशिक्षित गृहस्थानं बीजिंगमध्ये व्यायाम संशोधनाची संस्था काढली आणि तिथं शिकवायला लुचानचा नातू यांग चेंगफू (१८८३–१९३६), वू जिएनचुआन आणि पुढं सुन लुतांग (१८६०–१९३३) यांना बोलावलं. नाव नोंदवा आणि शिका. शपथ नाही, गुरूच्या घरी पाणी भरणं नाही. सुन लुतांग पुस्तकंही लिहू लागला, १९१५ साली शिंगयी या दुसऱ्या मुष्टिपद्धतीवर, १९२१ साली ताइजीचुआनवर, म्हणजे आपल्या ताइचीवर, फोटोंसकट. गिऱ्हाईक आता कारकून, मास्तर, विद्यार्थी, आजारी वकील. त्यांना लुटारू मारायचे नव्हते. त्यांना झोप हवी होती, पचन हवं होतं, आणि ‘पूर्व आशियाचा रोगी’ हा देशावरचा शिक्का पुसायचा होता. हे दुखणं राष्ट्रीय होतं. तरुण माओनं १९१७ साली ‘नवयुवक’ मासिकात शरीरशिक्षणावर लेख लिहिला तो याच भावनेतून. त्याच मासिकात पुढच्या वर्षी लु शुन या लेखकानं उलट झोडपलं. मुष्टियुद्धाच्या या नव्या प्रचारात त्याला बॉक्सरांचीच भुतं दिसत होती. मला लु शुनची बाजूही समजते. शाळेत ‘आपल्या प्राचीन विद्येत सगळं आहे’ असं म्हणणारे पाहुणे आले की मुलींना रांगेत बसवून ऐकवायचं काम माझ्याकडेच असायचं.

शांघायमध्ये मात्र एका संस्थेनं लु शुनला कृतीनं उत्तर दिलं. तिचं नाव जिंगवू, सुरुवात १९१० साली. भिंतीवर फोटो हुओ युआनजिया याचा. तो तिएनजिनचा वस्ताद, परदेशी पहिलवानांना आव्हान देणारा म्हणून गाजलेला. संस्था निघाली त्याच वर्षी तो वारला. जपानी डॉक्टरानं विष दिलं ही गोष्ट पुढं ब्रूस लीच्या सिनेमानं जगभर नेली. हुओ आधीपासून आजारी होता हे सिनेमाला सोयीचं नव्हतं. पण जिंगवू चालवली ती चेन गोंगझे आणि त्याच्या मित्रांनी, शांघायच्या तरुण व्यापाऱ्यांनी. त्यांनी निरनिराळ्या घराण्यांचे वस्ताद पगारावर ठेवले, सगळ्यांना शिकावेच लागतील असे पायाभूत क्रम ठरवले, गणवेश आणला, परीक्षा आणल्या, मासिक काढलं, कॅमेरा आणला. फुटबॉल आणि संगीतही त्याच छताखाली. आणि मुलींचा विभाग. तो सांभाळणारी चेन शिचाओ ही गोंगझेची बहीण. १९२० साली जिंगवूनं पाच जणांना दक्षिणेकडच्या चिनी वस्त्यांत प्रचाराला पाठवलं, सायगाव, सिंगापूर, क्वालालंपूर, पेनांग, जावा. त्या पाचांत ही बाई होती. व्यासपीठावर उभी राहून तलवारीचे हात करून दाखवायची, मग बायकांपुढं भाषण. १९२० साली! त्यावेळी आपल्याकडे मुलींनी लेझीम खेळावी की नाही यावर वाद चालले असतील. त्या भागात आज दिसणाऱ्या जिंगवूच्या शाखा याच दौऱ्याच्या मागोमाग उभ्या राहिल्या. या बाईचं चरित्र कुणी लिहिलं तर मी पहिली प्रत घेईन.

मग सरकार पुन्हा मैदानात उतरलं. १९२८ साली नानजिंगमध्ये केंद्रीय राष्ट्रीय युद्धकला संस्था निघाली. तिचा प्रमुख झांग झिजियांग हा फेंग युशियांग या लष्करशहाच्या फौजेतला सेनापती, ख्रिस्ती. त्याला पक्षाघाताचा झटका आला होता आणि ताइजीचुआनच्या सरावानं तो सावरला, असं सांगतात. म्हणजे देशाला लढाऊ करायला निघालेल्या संस्थेचा संस्थापक मुळात रोगी म्हणून या विद्येकडे आलेला होता. त्यानं पहिली राष्ट्रीय परीक्षा त्याच ऑक्टोबरात घेतली. नुसते हात करून दाखवणं पुरेसं नव्हतं, उमेदवारांना एकमेकांशी लढावंही लागे. संस्थेचे सुरुवातीला दोन विभाग होते, शाओलिन आणि वुदांग या दोन परंपरांचे. दोन्हीकडच्या वस्तादांत अशी जुंपली की विभागच रद्द करावे लागले. शाळेत ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीच्या वर्गशिक्षकांत स्नेहसंमेलनाच्या वेळी काय होतं ते पाहिलेल्याला हे समजेल.

या संस्थेच्या प्रकाशनखात्यात तांग हाओ (१८९७–१९५९) हा वकील होता. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटलेला माणूस हाच. मुष्टियुद्ध करायचा, जपानमध्ये कायदा शिकून आलेला, आणि दंतकथा दिसली की तिची उलटतपासणी घ्यायचा. ताइजीचुआनचा जनक म्हणून झांग सानफेंग या वुदांग पर्वतावरच्या साधूचं नाव घेतात. पक्षी आणि साप लढताना पाहून त्याला ही विद्या सुचली म्हणे. आमच्या मल्लखांबाचंही तसंच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभट्टदादा देवधर वणीच्या सप्तशृंगीला जाऊन बसले आणि हनुमंतानं त्यांना मल्लखांब दाखवला. पण बाळंभट्टदादा तरी खरे होते. तांग हाओनं दाखवलं की झांग सानफेंगचा मुष्टियुद्धाशी संबंध जोडणारा जुना लेख १६६९ चा, हुआंग झोंगशी या मिंगनिष्ठ विद्वानानं एका वस्तादाच्या समाधीसाठी लिहिलेला, आणि त्यात ताइजीचुआनचं नावही नाही. मग तो स्वतः चेनजियागोऊला गेला, वंशावळ उघडून चेन वांगतिंगच्या नावाशेजारची ती नोंद शोधली.

बोधिधर्मालाही त्यानं सोडलं नाही. इथं आपला संबंध येतो. दक्षिण भारतातला राजपुत्र शाओलिन मठात गेला आणि त्यानं चिन्यांना लढायला शिकवलं, हा निरोप मला दर महिन्याला कुणी ना कुणी पाठवतंच. बोधिधर्माच्या नावावर खपवला जाणारा ‘यीजिनजिंग’ हा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातला आहे, त्यावरची तारीख १६२४. त्याला सातव्या शतकातल्या सेनापतीची म्हणून जोडलेली प्रस्तावना बनावट आहे, हे खुद्द चिनी विद्वानांनी अठराव्या शतकातच ओळखलं होतं. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांनी आणि स्वस्त पुस्तकांनी बोधिधर्माला मुष्टियुद्धाचा आद्यगुरू करून टाकलं. हे मी निरोप पाठवणाऱ्यांना कळवते. त्यांचे नमस्काराचे हात येतात आणि पुढच्या महिन्यात तोच निरोप.

तांग हाओचं वस्तादांशी वाकडं आलं यात नवल नाही. हजार वर्षांची परंपरा हा त्यांच्या फीचा आधार होता. रखवाली करून दाखवता येत नाही म्हटल्यावर गिऱ्हाइकाला दाखवायला वंशावळच उरते.

यांग चेंगफू आणि वू जिएनचुआन दोघंही १९२८ च्या सुमारास दक्षिणेकडे गेले, कारण राजधानी नानजिंगला गेली आणि पैसाही तिकडेच गेला. शांघायमध्ये वू जिएनचुआननं १९३५ साली आपली संस्था वायएमसीएच्या इमारतीत थाटली. चेंगफूनं उड्या आणि झटके काढून एकसारखा, संथ, मोठ्या हातांचा क्रम रूढ केला. आज जगात सर्वांत जास्त लोक करतात तो याचाच वंशज. त्याच्या नावावरचं १९३१ चं पुस्तक मुख्यतः मार कसा द्यायचा यावर आहे. १९३४ च्या पुस्तकाची भाषा सभ्य, आरोग्याचं वजन जास्त. तीन वर्षांतला हा बदल मला बोलका वाटतो. आरोग्याची कला घडवणारा हा माणूस मात्र पन्नाशी ओलांडून थोड्याच काळात गेला.

उलट १९२८ साली चेन गावातून चेन फाके बीजिंगला आला तेव्हा त्याचे पाय आपटणं आणि अचानक सुटणारे झटके पाहून लोकांना हे ताइजीचुआनच वाटेना. मूळ घरचा माणूसच परका ठरला.

१९३६ चं बर्लिन ऑलिंपिक. चीननं प्रात्यक्षिकासाठी युद्धकलेचा चमू पाठवला, सहा पुरुष, तीन स्त्रिया. स्त्रियांत फू शुयुन आणि लिऊ युहुआ होत्या. त्याच वर्षी त्याच शहरात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे आमचे खेळाडूही कबड्डी आणि देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं करत होते. दोन गुलाम-निमगुलाम देश आपापलं अंग जगाला दाखवायला गेले होते, आणि यजमान कोण, तर हिटलर. चिनी चमूतला झेंग हुआईशियान पुढं चेंगदूला हाडवैद्य म्हणून नावारूपाला आला, क्रीडावैद्यक शिकवू लागला. वस्तादानं हाडही बसवावं, ही रीत तिकडेही आहे.

१९४९ साली कम्युनिस्टांची सत्ता आली आणि धनी पुन्हा बदलला. हाँगकाँगकडे गेलेल्यांत वू जिएनचुआनचा मुलगा वू गोंगयी होता. १७ जानेवारी १९५४ रोजी मकाव इथं पन्नाशीपुढच्या या ताइची वस्तादाची श्वेतबक पद्धतीच्या तरुण चेन केफूशी जाहीर लढत झाली, हाँगकाँगच्या आगीत घर गमावलेल्यांच्या मदतीसाठी. लाथा वर्ज्य. दुसऱ्याच फेरीत पंचांनी लढत थांबवली, निकाल नाही. चित्रफीत आजही पाहायला मिळते. ती पाहून कुणाचीही श्रद्धा वाढणार नाही. दोघं हात झाडतायत, एकाच्या नाकातून रक्त. पण हाँगकाँगभर या लढतीचीच चर्चा, म्हणून तीनच दिवसांनी एका सांजदैनिकानं लियांग युशेंगची तलवारबाजांची कादंबरी क्रमशः सुरू केली, पुढच्या वर्षी जिन योंग हा दुसरा कादंबरीकार आला, आणि त्यातून हवेत उडणाऱ्या वीरांची एक नवी साहित्यसृष्टी उभी राहिली. प्रत्यक्षात विद्येनं जे दाखवलं नाही ते कादंबरीनं दाखवलं.

मुख्य भूमीवर १९५६ साली राष्ट्रीय क्रीडा आयोगाच्या समितीनं यांग पद्धतीच्या लांबलचक क्रमातून २४ हालचालींचा छोटा क्रम काढला. पुनरावृत्ती गाळली, सोपं आधी आणि अवघड नंतर असं लावलं. पाच-सहा मिनिटांत संपतो. जुन्या वळणाची माणसं या समितीच्या नावानं बोटं मोडतात. मी मोडत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात पन्नास मुली, त्यातल्या दहा जणींचं पोट दुखतंय, अशा वर्गाला काय शिकवता येईल याचा विचार केलेल्या लोकांचं ते काम आहे. गेलं काय, तर जोडीनं ढकलून पाहण्याचा सराव, झटके, आणि कुठला हात कशासाठी याचं ज्ञान. चेनजियागोऊत तेवढं टिकलं, तेही चेन झाओपी हा म्हातारा १९५८ साली गावी परतला आणि सांस्कृतिक क्रांतीचा छळ सोसून पोरांना शिकवत राहिला म्हणून.

ते ज्ञान म्हणजे काय हे मला सिंगापूरच्या वर्गातल्या लाओशींनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेनं, दाखवलं. माझ्याहून वयानं मोठ्या, बारीक चणीच्या बाई. एक हालचाल आहे, एक हात गुडघ्यावरून बाहेर झाडायचा, पाऊल पुढं, दुसरा तळवा छातीसमोरून पुढं. मी ती महिनाभर छान नाचल्यासारखी करत होते. लाओशी म्हणाल्या, लाथ मार. मी हळूच पाय उचलला. त्यांनी गुडघ्याजवळ हात नेऊन तो बाजूला टाकला, आणि माझं वजन कुठंच नसताना तळवा माझ्या खांद्याला टेकवला. मी मागच्या खांबापर्यंत गेले. जोर मला जाणवलाच नाही. मग त्यांनी मला तेच सावकाश करायला लावलं, एक पाय पूर्ण भरलेला, दुसरा पूर्ण रिकामा, गुडघा बोटांच्या रेषेत, मांडीला कापरं भरेपर्यंत. म्हाताऱ्या माणसाला पडण्यापासून वाचवतो तो हाच पाय, आणि समोरच्याला पाडतो तोही हाच. आरोग्य आणि संरक्षण अशी दोन खाती पाडली ती जाहिरातीसाठी. मात्र एवढ्यावर गल्लीतल्या गुंडाला मी लोळवीन असं मला वाटत नाही, आणि शाळांतल्या आठ दिवसांच्या स्वसंरक्षण शिबिरांवरही माझा विश्वास नाही. आठ दिवसांत मुलीला ओरडायला आणि पळायला शिकवता आलं तरी पुष्कळ.

हे न समजणाऱ्यांचं हसू २०१७ साली झालं. चेंगदूमध्ये शू शियाओदोंग या मिश्र युद्धकलेच्या खेळाडूनं एका ताइची वस्तादाला वीस सेकंदांच्या आत जमिनीवर आणलं. चीनभर गदारोळ, परंपरेचा अपमान वगैरे. ज्या विद्येला मारामारीचे पैसे कुणी शंभर वर्षांत दिलेले नाहीत, तिनं मारामारी करावी ही अपेक्षाच चमत्कारिक. पण ‘अजिंक्य’ म्हणवून घेण्याचा सोस वस्तादांचा, तेव्हा दोष त्यांचाही.

सध्याचा धनी दवाखाना आहे. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनचा एक अभ्यास आला. पार्किन्सनचे १९५ रुग्ण, तीन गट, २४ आठवडे. ताइची करणाऱ्यांचा तोल इतर दोन्ही गटांपेक्षा सुधारला, आणि नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते तोल जाऊन कमी वेळा पडले. २०२० साली युनेस्कोनं ताइजीचुआनला वारशाच्या यादीत घातलं. चेनजियागोऊत आज मोठमोठ्या शाळा आहेत, आणि परदेशी पाहुणे तिथं पैसे भरून पाय आपटायला शिकतात.

मी सांगलीला परत आल्यावर आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग सुरू केला, बायकांसाठी, फुकट. पहिल्या आठवड्यात हॉल भरला, मग रोज कुणाचं ना कुणाचं लग्न, कुणाची भिशी. महिना दोनशे रुपये लावले तेव्हापासून हजेरी बरी आहे.